सही केलेले आठ कागद

हेमा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला. पुण्यात माझ्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने तो घेतला आणि "भिवंडीहून आहे" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, हेमाच असणार. दोन-तीन महिन्यांनी ती कॉलेजजवळच्या एसटीडी बूथमधून फोन करायची आणि सुरुवातीलाच बजावायची, "बाहेर रांग आहे, पटकन बोल." मी रिसीव्हर कानाला लावून "बोल पटकन" म्हटलं, तर पलीकडे दिनेश. "ताय, हेमाताय गेली. कावीळ उलटली... आमाला वाटलं, उतरंल." पुढचं नीट ऐकू आलं नाही, त्याच्यामागे कुठेतरी लूम चालू होते. त्याला पाच आठवडे झाले. हेमा पीएचडीला गेली नाही, याला मी कारण झाले का, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. आता विचारायला ती नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

चौऱ्याऐंशीची दिवाळी होती. मी टेमघरची, ती राहनाळची, दोन्ही भिवंडीजवळची गावं. ठाण्याला एमएस्सी रसायनशास्त्र करणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे एसटीत शेजारी बसून मैत्री झाली ती झालीच. अमेरिकेत पीएचडीला जायचं हे वेड तिचं, मला ते तिच्याकडून लागलं. विद्यापीठांची माहितीपत्रकं बोटीने यायची, तीन-तीन महिने लागायचे. राहनाळच्या त्यांच्या ओट्यावर ती पसरून आम्ही बसायचो. समोरच्या शेतात तेव्हा पहिल्या गोदामाचा पाया खणत होते. मी विचारायचे, तिथे थंडी किती, तिकडे राहणाऱ्या माझ्या मावसभावाचं गाव जवळ आहे का? ती मात्र कोणता प्राध्यापक रंगांवर काम करतो, त्याचा शेवटचा शोधनिबंध कधीचा, हे वहीत लिहून ठेवायची. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांमुळे नारपोलीच्या नाल्यात रोज वेगळ्या रंगाचं पाणी वाहतं, ते तिला स्वच्छ करायचं होतं. तिची आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "यवऱ्या लांब जाऊन पानी धुवायचं? हिथं काय पानी न्हाय?" वडिलांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. यंदा लागलं तर जा, नाहीतर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

अर्ज चारच ठिकाणी करता येणार होते, आणि त्याचं कारण आमचे सर. माणूस भला, पण शिफारसपत्र लिहायचा त्यांना भारी कंटाळा. "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो," ही त्यांची रीतच होती, आणि तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या वेळी तर ते गावी निघाले होते. त्यांनी कपाटातून कॉलेजचे आठ लेटरहेड काढले, आठही कोऱ्या कागदांवर खाली सही केली आणि "चार तुझे, चार हिचे" म्हणून हातात ठेवले. हेमाने वहीतल्या बावीस नावांमधून चार निवडली. माझ्यासाठीही तीच चार, कारण मी तिच्या निवडीवर मान डोलवून मोकळी झाले होते.

स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची? हेमाने तोड काढली, तू माझं लिही, मी तुझं लिहिते. शिवाय अर्जावर एक ओळ होती, उमेदवार हे पत्र वाचण्याचा हक्क सोडत आहे. त्याखाली आम्ही सह्या केल्या होत्या आणि ती ओळ आम्ही देवाधर्मासारखी पाळली. बाजारातल्या टायपिंग क्लासात दोन टोकांच्या मशीनवर बसून टाइप केलं, पाकिटं चिकटवली आणि मगच एकमेकींच्या हातात दिली. मुलीबद्दल चांगलं म्हणजे काय लिहितात, ते मला पाठ होतं. थोरल्या बहिणीच्या स्थळांना पत्रं मीच लिहीत असे, अक्षर बरं म्हणून. तेच सगळं मी इंग्रजीत उतरवलं. हेमा शांत आहे, आज्ञाधारक आहे, मनमिळाऊ आहे, हजेरी नियमित आहे, वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जात नाही. लिहून झाल्यावर मला अगदी भरून आलं होतं.

मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. तिला तीन नकार आले, आणि चौथ्या ठिकाणाहून मुदत टळली म्हणून सगळा अर्जच परत आला. त्या एका ठिकाणचं पत्र टाइप करून द्यायला मीच उशीर केला होता, घरी बहिणीचा साखरपुडा होता. मला सोडायला ती विमानतळावर आली तेव्हा सगळ्यांदेखत तिने विचारलं, "काय गं, माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस?" मी म्हटलं, "चांगलंच." ती "हां, चांगलंच," म्हणाली आणि माझ्या बॅगेचा पट्टा घट्ट करून दिला.

तिकडे चौथ्या वर्षी नव्या मुलांचे अर्ज चाळायला मला बसवलं, तेव्हा कळलं. शेजारचे प्राध्यापक एक पत्र बाजूला टाकत म्हणाले, आज्ञाधारक मुलगी घेऊन मी काय करू?  त्याच दुपारी माझ्या मार्गदर्शकांनी हसत सांगितलं, तुझ्या पत्रात होतं, ही मुलगी हट्टी आहे. प्रयोग फसला असं सर म्हणाले, तरी हिने तो तीनदा करून सरांची चूक दाखवली. तो प्रयोग आम्हा दोघींचा होता. पुन्हा करायचा हट्ट हेमाचा, मी तर घरी जायची घाई करत होते... मत्सर होता का माझ्या मनात? शपथेवर नाही म्हणता येत नाही. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला माहीत होतं, आणि पत्रात मी ते लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर किती वेळा सांगणार होते. ती भिवंडीतच कॉलेजात शिकवायची, वडिलांनी आणलेली तीन स्थळं तिने परतवली होती, प्रयोगशाळेच्या खिडकीत नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असायच्या. मी विषय त्या दिशेने नेला की ती चहा मागवायची.

तेराव्यानंतर राहनाळच्या घरी दिनेशने तिच्या कपाटातली वही आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "हे तुजं हाय का बघ, ताय." चौथ्या ठिकाणाहून परत आलेला तो अर्ज होता. त्यातलं माझं चिकटवलेलं पाकीट कडेने नीट कापलेलं होतं. मी विमानात बसण्याच्या कितीतरी आधी ते तिच्या घरी पोचलं होतं. आज्ञाधारक या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ होती, बाकी काही नाही.

मी ते वाचत असतानाच नसीमा आली. हेमाची विद्यार्थिनी, नारपोलीची, वडील लूमवर. तिच्या हातात पीएचडीचे चार अर्ज होते. मॅडम पत्र लिहिणार होत्या, ते राहून गेलं होतं. मी म्हटलं, "तू लिहून आण, मी सही करते." तोंडातून निघून गेलं. ती गोंधळली. "नाही मॅडम, हेमामॅडम तसं चालवून घ्यायच्या नाहीत. समोर बसवून स्वतः लिहायच्या. आणि सगळ्यांना पहिले एकच विचारायच्या, किसका नहीं सुना तूने? कुणाचं ऐकलं नाहीस, ते सांग. मग तेच पत्रात लिहायच्या."

"तुला विचारलं होतं?"

"त्या आजारी पडल्या ना..."

हेमाच्या खुर्चीत मला बसवेना. स्टूल ओढलं, तिची वही उघडली, बावीस नावांमागचं कोरं पान काढलं आणि नसीमाला म्हटलं, "सांग, किसका नहीं सुना?"