अर्ध्या पिठाचा गणपती

सौदीतल्या हुफूफ शहरातल्या आमच्या इमारतीत मराठी बोलणारे दोघंच, मी आणि माझा रूम पार्टनर. मी नाशिकचा, तो नगरकडचा, चर्चच्या पाळकाचा मुलगा. शुक्रवारी सकाळी मी पोहे करायचो आणि तो ओट्याला टेकून बायबलमधल्या यहुदी संदेष्ट्यांची वचनं मोठ्यानं वाचायचा. देवाचं न ऐकणाऱ्या, मूर्तींपुढे वाकणाऱ्या लोकांवर ते असे काही बरसायचे की माझा झारा हवेतच थांबायचा. शहरं ओस पडतील, लोक परमुलखात जातील. परमुलखात तर आपण आलोच आहोत, असं मी म्हणालो की तो हसू दाबायचा.

त्यातला एक टोमणा मला फार आवडायचा. माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्या अर्ध्याचा देव घडवतो आणि त्यालाच म्हणतो, मला वाचव.

एका वर्षी गणेश चतुर्थी शुक्रवारी आली. इथे मूर्ती कुठून मिळणार, म्हणून मी दार लावून कणकेचा गणपती करतो. त्या दिवशी डबा उघडला तर तळाशी जेमतेम मूठभर कणीक. शुक्रवारी आमच्याकडची दुकानं दुपारच्या नमाजानंतरच उघडतात. ओट्यावर मात्र पार्टनरनं पावासाठी भिजवलेलं पीठ झाकून ठेवलं होतं. ड्यूटीवर जाताना तो बजावून गेला होता, त्याला हात लावू नकोस. मी लावला. बरोबर अर्धं घेतलं.

गणपती झकास जमला. मिरीचे डोळे लावले, निरांजन विझू नये म्हणून एसी बंद केला आणि मोदकांच्या मागे लागलो. तासाभरानं पाहतो तर देवाचं पोट दुप्पट, कान खांद्यावर आणि सोंड पोटात गडप. पावाच्या पिठात यीस्ट असतं आणि ते उकाड्यात फुगतं, हे इतकी वर्षं गॅस प्लांट सांभाळणाऱ्या इंजिनियरच्या डोक्यात आलं नव्हतं.

आधी मी पोट धरून हसलो. मग भीती वाटली. माझ्या पूजेबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नव्हता. आता त्याला जे मुळीच पटत नाही तेच मी त्याच्याच पिठातून, त्यानं बजावलेलं मोडून केलं होतं. तो दुसरी खोली बघायला लागला तर मला मराठीत भांडायलाही कुणी उरणार नव्हतं.

एक वाजता तो आला. पाटाकडे पाहिलं, मग अर्ध्या रिकाम्या भांड्याकडे. मी सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"अर्ध्याचा पाव, अर्ध्याचा देव," तो म्हणाला. "अरे, मी वाचत होतो ती तुला रेसिपी वाटली का?"

आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्यानं हात जोडले नाहीत, मी तशी अपेक्षाही केली नव्हती. आरती होईपर्यंत तो गॅलरीत थांबला. मोदक नैवेद्याच्या ताटातले नको म्हणाला, म्हणून मी पातेल्यातले वाढले. ते त्यानं सात खाल्ले.

पुढच्या चतुर्थीला सकाळी ओट्यावर दोन भांडी झाकलेली दिसली. तो दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "डावीकडच्यात यीस्ट नाही. पोळ्यांसाठी मळलंय मी. त्यातल्या अर्ध्याचं तू काय करतोस, ते मला सांगू नकोस."