धबधब्याची जागा

काल हॉलला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचं धबधब्याचं चित्र उतरवलं. ओल्या डिस्टेंपरच्या वासाने मला वीस वर्षांमागच्या दिवाळीत नेलं.

तेव्हाही रंग मीच दिला होता. मजुरी वाचवून भिंत सजवायला चारशे रुपये उरले होते. आई म्हणाली, "स्टुडिओत जाऊन सगळ्यांचा एक फोटो काढूया की. मोठा करून हितं लावू." चौकशी केली, तर फ्रेमसकट साडेसहाशे होत होते. महाद्वार रोडला हे चित्र तीनशे ऐंशीला मिळालं. मी ते लावलं, तेव्हा आई पदराला हात पुसत समोर उभी राहिली.

"झ्याक दिसतंय की न्हाय?" मी विचारलं.

"दिसतंय रं. पर ह्या पाण्यात आपलं कोण हाय?"

"फोटो पुढच्या दिवाळीला काढू."

"व्हय," म्हणून ती आत गेली.

पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

आता त्या जागी आई हवी, म्हणून आज तिच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला दिला. फ्रेमवाल्याने तो उजेडात धरला. "पावणं, दुसरा न्हाय व्हय? ह्यात तोंडच दिसंना झालंय."

नाही म्हणालो. घरी आलो, तर धबधबा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा रंग अजून जराही उडालेला नाही.