चोळीवरून टोचलेली सुई

“वर चढू नकोस. तिथंच बस, जोत्याखाली.”

डॉक्टर ओटीवरून बोलले. मी बसले. अंगात ताप, उजवा हात सुजून टम्म. श्रीवर्धनात त्यांच्याच वाडीत सुपारी सोलताना कोयती तळव्यात घुसली होती. जखम चिघळली, सूज कोपरावर चढली. हात गेला तर पोरांना घालू काय, एवढंच डोक्यात.

पेनिसिलीनची सुई. दोन औषधं एकत्र केलेली, पेजेसारखी पांढरी. ती त्यांनी लांबूनच चोळीच्या बाहीवरून खुपसली. बाही घामानं, सुपारीच्या डागांनी काळी पडलेली. आम्ही महारवाड्यातली, माझ्या कातडीला त्यांचं बोट लागायला नको. गावच्या खोतीणबाई आल्या की त्यांना मात्र ओटीवर पाट. त्यांचा दंड स्पिरिटनं पुसला, वर “घाबरू नका हं वहिनी.” मी खालून बघत होते.

रोज चालत जायचं, रोज तसंच टोचून घ्यायचं. जीव नुसता विटला होता बाई! ताप उतरेना. त्यात सुई टोचली तिथं दंडावर दुसरं गळू. सासू म्हणाली, “गप रव्हा. दवा देतात ह्येच लय झाला.” मलाही तसंच वाटायचं.

एक दिवस डॉक्टर सुपारी चघळतच सुई घेऊन आले. त्यांच्या वाडीतली सुपारी, सोललेली आम्ही बायांनी. माझं डोकंच फिरलं. माझ्या हातची सुपारी यांच्या तोंडात चालते, आणि माझा दंड यांच्या बोटाला चालत नाही?

मी बाही टरकावली.

“डाक्टर, चोळीवर नको. पुसून कातडीवर द्या.”

“तुला शिवलो तर पुन्हा आंघोळ करावी लागेल. पूजा व्हायचीय माझी.”

“मंग करा आंगोळ. तुमचे हिरीला पानी हाय.”

“मर मग,” म्हणाले, आणि सुई घेऊन आत गेले.

घरी सासू कपाळ बडवत राहिली. मी पाय ओढत लांबच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं हात चिरून पू काढला. तीच पेनिसिलीनची सुई दिली, पण पुसून, दंड धरून. हात वाचला. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. त्या वाडीत मी परत कामाला गेले नाही. बाकीच्या बाया गेल्या. पोट आहे, त्यांना काय बोलू?

आता म्हातारी झाले, दमले. दंडावरचा खड्डा तसाच आहे. आजारपण काय, पुन्हा येईल. पण मला जो शिवणार नाही, त्याच्या हातचं औषध मी घेणार नाही. मेले तरी नाही. आधी माझा दंड धरायचा. मग सुई.