टेकोड्यांची परीक्षा

अळिंबी विकणारी ती बाई मोबाइलला घाबरली, असे आमच्या कट्ट्यावर सांगतात. धादांत खोटे! गडचिरोलीच्या बाजारात मी तिच्या समोरच उभा होतो.

वारुळावरच्या टेकोड्यांची, म्हणजे रानअळिंबीची, माती ती पदराने हळुवार पुसत होती. एका गुरुजींनी त्यातल्या एका टेकोड्याचा फोटो काढला; वर्तमानपत्रांनी अचूक म्हणून गाजवलेल्या, त्यांच्या मोबाइलमधल्या अॅपने तो विषारी ठरवला आणि गिऱ्हाइके पांगू लागली. तिने तोच टेकोडा उलटा धरला.

"आता काढा फोटू, गुरुजी."

अॅप म्हणाले, खाण्याजोगा!

"टेकोडा तर तोच हाय," ती हसली. "तुमच्या मशीननं खाऊन पाह्यला का? मी सकाळीच खाऊन आली."

सारा बाजार हसला. स्वतः जेवून आलेल्या संशोधकाचा अहवाल मी तत्काळ मान्य केला. गुरुजींनीही टेकोडे घ्यायला पिशवी उघडेपर्यंत शेवटचा वाटा माझ्या हातात होता.