इथं डुलायचं नाही

माझी अरबी शिकवायची खोली म्हणजे पुढची गॅलरी बंद करून काढलेली जागा. नाशिक रोडला, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी साडेचारचं ऊन हिरव्या पडद्यातून आत यायचं आणि पोरांचे चेहरे, वह्या, भिंत, सगळंच पाण्याखाली असल्यासारखं हिरवट दिसायचं. मधेच स्टेशनवरची घोषणा ऐकू यायची, पण गाडी कुठली ते कधी कळायचं नाही. आजही दुपारी डोळा लागला की मला तीच खोली दिसते, आणि दारात पोरं चपलांवरून भांडत असतात.

पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी एकाच सतरंजीवर. लहान पोरं अक्षरं गिरवायची, मधली 'हे पुस्तक, ती खिडकी' करायची आणि दहावीची जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. बहुतेकांकडे एकच दोनशेपानी वही, पुढून विज्ञान आणि मागून अरबी, कारण अरबी उजवीकडून सुरू होते. वर्ष सरत आलं की दोन्ही विषय वहीच्या पोटात कुठंतरी भेटायचे. त्या पानाशी मी उगाच रेंगाळायची. डाव्या हाताला बेडकाची आकृती, उजव्या हाताला 'माझा देश'.

यातली बहुतेक पोरं माझ्याकडे यायच्या आधीच अरबी वाचायला शिकलेली असत. मशिदीच्या शाळेत. वाचायचीही फाडफाड, सुरात, पुढे-मागे डुलत. अर्थ विचारला की सगळी छताकडे बघायची. डुलत वाचणं ही आमच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची सवय, मीही तशीच शिकले. पण परीक्षेत अर्थाला मार्क असतात, सुराला नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी नियम सांगायची, "इथं डुलायचं नाही, गायचं नाही. सरळ बसायचं, सरळ बोलायचं." कुणी डुललं की पट्टी आपटायची. सतरंजीवर हो, पोरांवर नाही! माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सासूबाई म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, होताच.

एक मुलगी पाचवीत असताना आली. वडील फळांची गाडी लावायचे, त्यामुळे तिच्या दप्तराला कायम पेरूचा वास. अक्षर इतकं देखणं की मी तिची वही इतरांना दाखवायची. पण बोल म्हटलं की पहिल्याच अक्षरावर अडकायची. ओठ घट्ट मिटायचे, मान ताठ व्हायची, डोळे भरून यायचे. मला वाटलं, पोरगी हट्टी आहे. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का गं?" असं मी तिला सगळ्यांसमोर ओरडले होते. ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते. पुढं तिच्या आईनं सांगितलं की ती घरीही अशीच अडखळते, बोलायला लागली तेव्हापासूनच. मग ती चिठ्ठ्या लिहायला लागली आणि मी वाचायला लागले. पाच वर्षं आमचं तसंच चाललं. लिहिते आहे ना, मग झालं, असं मी मनाला समजावलं.

दहावीला तोंडी परीक्षा जवळ आली आणि एका संध्याकाळी तिनं चिठ्ठी दिली. 'आपा, तोंडीला मी जाणार नाही. पुढं भाषाही घेणार नाही. जिथं बोलावं लागत नाही असं काहीतरी शिकेन.' त्याखाली एक ओळ खोडलेली होती. तरी वाचता येत होती. 'मला तुमच्यासारखं शिकवायचं होतं.'

चिठ्ठी ओढणीच्या टोकात बांधली आणि चहाचं निमित्त करून आत ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात वीज गेली. बाहेरून गलका झाला, "आपा, लाइट गई!" मी आतूनच ओरडले, "गई तो गई! पहिला धडा पाठ आहे ना? तो म्हणा!"

मी समोर नाही म्हटल्यावर कुठला नियम अन् काय! सगळी डुलायला लागली. सतरंजी घसटल्याचा आवाज मला आतपर्यंत येत होता. आवाज चढत गेले, एकात एक मिसळले, आणि त्या अंधारात मला वाटलं की मी लहान आहे आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले आहे. मग त्यातला एक आवाज वेगळा ऐकू आला. स्वच्छ, अखंड वाहणारा. हा कुणाचा बाई? असा आवाज माझ्या वर्गात नव्हताच.

मेणबत्ती घेऊन बाहेर आले तर ती! डोळे मिटलेले, पुढे-मागे डुलतेय, आणि एकामागून एक शब्द सुटत चाललेत, कुठेच अडखळणं नाही. उजेड जाणवला तशी तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि झटकन सरळ बसली. आवाज बंद.

पाच वर्षं या पोरीचं बोलणं मी पट्टीखाली दाबून ठेवलं होतं! मला रडूच आलं. "थांबू नकोस," मी म्हटलं, "डुल." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मीच खाली बसले आणि सुटलेल्या पोटासकट डुलायला लागले. पोरं फिदीफिदी हसली. तीसुद्धा.

त्यानंतर रोज वर्ग सुटल्यावर ती थांबायची. कुराणाचा सूर साध्या बोलण्याला लावायचा नाही, एवढं भान दोघींनाही होतं. म्हणून आम्ही वेगळीच चाल काढली. थोडी अंगाईची, थोडी तिच्या वडिलांच्या आरोळीची. 'अस्कुनु फी नाशिक', मी नाशिकला राहते. 'अबी यबीउल फवाकिह', माझे वडील फळं विकतात. पडद्यावरचं ऊन उतरत जायचं, आम्ही दोघी डुलत असायचो, आणि चहा निवून जायचा.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर. दार अर्धवट लोटलेलं. त्यांनी नाव विचारलं. मग तिच्या डुलण्यानं बाक करकरला आणि तिचा आवाज आला, आमच्या चालीत. नाव सांगितलं, गाव सांगितलं. वडिलांवर आली तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "बेटी, गाना नहीं. सीधी बैठो, सीधा बोलो."

माझंच वाक्य! शब्दान् शब्द माझा. तळपायाची आग मस्तकात गेली, हात दारावर गेला, पण मी कुठल्या तोंडानं भांडणार होते? आत बाक थांबला. मनात म्हटलं, गेली पोरगी. आता चिठ्ठ्याच लिहीत बसेल जन्मभर.

मग बाक पुन्हा करकरला.

"हाकज़ा अतकल्लम, या उस्ताज़."

मी अशीच बोलते, सर.

हे वाक्य मी तिला शिकवलेलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं, जुन्या प्रश्नपत्रिकांत नव्हतं. तिचं तिनं, तिथल्या तिथं जुळवलेलं.

परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि बाक करकरत राहिला.