तक्रार कुणाकडे जाते

सासू लिनक्स शिकायला बसली तेव्हा घरात कुणी हसलं नाही. मुलगा हसणार होता. बायकोचा चेहरा बघून त्याने हसू गिळलं.

गरज सुनेची होती. वाचनालयाचा सर्व्हर, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा संगणक, ती घरी बसून सांभाळायची. आता तिला आठवा महिना लागला होता. वाचनालयाने सांगितलं होतं, रजेवर जाताना मागे माणूस ठेवा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. माणूस मिळत नव्हता. आले ते सुनेलाच चार गोष्टी शिकवून गेले.

"मला शिकव," सासू म्हणाली. "जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलाय माझा. यंत्राला मी भीत नाही."

"आई, यात बटणं नाहीत. नुसता काळा पडदा."

"असू दे काळा. मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

मग दोघी दुपारी आवराआवर झाली की बसू लागल्या. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली कुणीही घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी, हे सासूच्या पचनी पडायला वेळ लागला. फुकट आहे म्हणजे कुठेतरी खोट असणार, असं तिचं म्हणणं. पण कमांड तिच्या बोटांत बसल्या. आत कोण आलंय, काय चालू आहे, जागा किती उरली. यंत्र विचारलं तेवढंच बोलायचं. घरात असं कुणी नव्हतं.

खटका उडाला तो अधिकारांवरून. सुनेने तिला साधं खातं दिलं होतं. बघता सगळं यायचं, हलवता काही नाही. सगळे अधिकार 'रूट' नावाच्या खात्याला, आणि त्याचा पासवर्ड सुनेकडे.

"म्हणजे किल्ल्या तुझ्याच कमरेला."

"थोडे दिवस, आई."

सासूच्या हातून कपाटाचं दार जरा जोरात लागलं, इतकंच.

एका दुपारी सून झोपली होती. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला. पुस्तकांची नोंद होत नव्हती, टेबलापुढे रांग लागली होती.

"सूनबाईंना उठवता का?"

"कशाला? मी बघते."

तिने पाहिलं. डिस्क काठोकाठ भरली होती. तिने सगळ्यांत जाडी फाइल शोधली आणि पुसायला गेली. परवानगी नाही. मग रूटचे अधिकार उसने घ्यायला सून वापरायची तो 'सुडो' हा शब्द कमांडच्या आधी लावला. यंत्राने तिचा स्वतःचा पासवर्ड मागितला. तिने ऐटीत दिला. उत्तर आलं, तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची तक्रार केली जाईल.

सासूने चष्मा पुसला.

"तक्रार? कुणाकडे?" तिने पडद्यालाच विचारलं आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा तक्रार.

रूटचा पासवर्ड तिला ठाऊक होता. टाइप करताना सून ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, आणि सासूच्या कानांना एकदा ऐकलेला आकडा पुरत असे. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली. मग उचलली. एक्सचेंजमध्ये तिला कुठलीही लाइन ऐकता आली असती. लग्नं जमताना, मोडताना. तिने कधी कान लावला नव्हता.

ती उठली आणि सुनेच्या खांद्याला हात लावला.

सून पाठीशी उशी घेऊन बसली. जुन्या लॉग फायली, म्हणजे यंत्राची रोजनिशी, साफ केल्या. नोंदी सुरू झाल्या. मग तिचं लक्ष रूटच्या नावे आलेल्या तक्रारींकडे गेलं.

"आई, दोनदा?"

"चहाडखोर आहे तुझं यंत्र."

"कुठली पुसत होतात?"

सासूने बोट दाखवलं. सुनेने फाइलचं नाव वाचलं.

"यात वाचनालयाची सगळी पुस्तकं आहेत. कोण काय घेऊन गेलंय, तेही."

सासूने बोट मागे घेतलं. "मग नकोच मला तो अधिकार. वाचनालयाला सांग, दुसरं कुणी बघा."

"रूटच्या खात्यातून पुसली असती, तर गेलीच असती."

"तो पासवर्ड माहीत आहे मला. तू पुटपुटतेस."

सुनेने कीबोर्ड ओढला, एक ओळ लिहिली. सासूचं नाव यादीत गेलं.

"अगं, मी काय करत होते ते बघितलंस ना?"

"बघितलं. तुम्ही मला उठवलंत, तेही बघितलं."

"आणि तू दवाखान्यात असलीस तर?"

"फोन करायचा. कळा चालू असल्या तर जरा थांबायचं."

सासूने कीबोर्ड आपल्याकडे घेतला, खुर्ची पुढे सरकवली.

"जा, पड जरा. आणि आधी तो पासवर्ड बदल. तोंड मिटून."