लंगड्या बेटाची जुळी खाडी

त्या खाडीने तिच्या जिवाला घोर लावला होता. म्हटलं तर शाईच्या दोन निळ्या रेघा आणि मधे करंगळीएवढी पांढरी जागा. पण गुरुवारी दादाच्या घरी ती पाहिल्यापासून दोनदा दूध उतू गेलं होतं आणि एकदा किल्ली आत ठेवून तिने दार ओढून घेतलं होतं. जगातल्या कुठल्याही नकाशात ते बेट नव्हतं, मग त्यावर खाडी असली काय आणि नसली काय! नवरा हेच म्हणाला. त्याला काय सांगणार? तिथे खाडी नाही, कधीच नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण ते बेट तिच्या पोरीच्या पायावर उगवलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जमीन मोजणीच्या कार्यालयात चौतीस वर्षं त्याने नकाशे गिरवले. जुन्या, विरलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणायचा, चारही कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवायची आणि खाली दिसणारी रेघ वर शाईने उतरवायची. एका नकाशाला पंधरा पंधरा दिवस लागायचे. कार्यालयात त्याला सगळे ‘रेघोट्या’ म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. धंद्याचा एकच नियम त्याने आयुष्यभर पाळला, दिसेल तेवढं काढायचं. बांध वाकडा तर वाकडा. सरळ करणारे आपण कोण? एकदा मूळ नकाशावर चिरडलेला डास त्याने विहीर म्हणून इमानाने गिरवला. तपासनिसाने झापलं तेव्हा शांतपणे म्हणाला, “होता तिथे.”

लग्न केलं नाही. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खिडकीशी उतरतं टेबल, दौतीखाली बशी आणि एक स्टूल. दुसरं स्टूल आणलं ते भाचीसाठी, म्हणजे हिच्या लेकीसाठी.

भाची सात वर्षांची असताना कुंपणाच्या भिंतीवरून पडली आणि तिचा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. सहा आठवडे पलंगावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या पोरीला जेवतानासुद्धा एका जागी बसवत नसे, तिला सहा आठवडे निजवायचं कसं, या काळजीने आई अर्धी झाली. दादा कार्यालयातून सुटला की रोज येई. दुसऱ्या दिवशी त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि प्लास्टरवर एक नागमोडी रेघ मारायला सुरुवात केली.

“मामा, हे काय?”

“बेट. रात्रीत वर आलंय. आता जराही हलू नकोस हं, भूकंप होईल. खाली वस्ती आहे.”

पोर सहा आठवडे हलली नाही.

बेट लांबुळकं होतं, पायाएवढं. गुडघ्याच्या जागी डोंगर, टाचेच्या जागी भूशिर आणि बोटांपाशी पाच सुळके. नडगीवर प्लास्टरच्या आत फार खाज सुटे, म्हणून तिथे खाजरं रान आलं. त्यात शिरलेला प्राणी अंग घासत घासतच बाहेर पडायचा, त्यामुळे त्या बाजूच्या एकाही झाडाला साल उरली नव्हती. गुडघाडोंगरावर पायी शिकार करणारा ससाणा राहायचा. उंचीची भीती वाटते बिचाऱ्याला, असं भाचीने ठरवलं. दीडशिंगी सांबर उरलेलं अर्धं शिंग दर वर्षी शोधायचं आणि दर वर्षी दुसऱ्याच कुणाचं तरी घेऊन यायचं. आणि किनाऱ्यावर होती उशीकासवं. त्यांच्या पाठीवर शेवाळाची मऊ गादी असायची आणि हाक्या नावाचे पक्षी त्यावर घरटी करायचे. सकाळी पक्षी चरायला जात, संध्याकाळी परत येत तो घर भलतीकडेच गेलेलं.

“मग ते रडत असतील,” भाची म्हणाली होती.

“रडतील कशाला? हाक मारायची. कासव ओ देतं.”

“कासवानेच आधी हाक मारावी की.”

“कासव मुखदुर्बळ असतं गं. आपणहून नाही मारत.”

प्लास्टर कापायच्या आदल्या संध्याकाळी दादाने पायाभोवती कागद गुंडाळून आख्खं बेट गिरवून घेतलं. कोपऱ्यात कार्यालयासारखे दोन चौकोन आखले, ‘गिरवणार’ आणि ‘तपासनीस’. तपासनीस भाची. तिची लाल पेन्सिलीची खूण झाल्याशिवाय बेटावर प्राणी जन्मत नसे, मरत नसे, ओढ्याची दिशासुद्धा बदलत नसे. पाय बरा झाला, पण डॉक्टरांच्या मते किंचित आखूड राहिला. शाळेत पोरं चिडवत. ही ठसक्यात सांगे, “माझं बेट आहे लंगडं. तुमचं आहे का?” दादा तिला ‘तपासनीसबाई’ म्हणे. दर रविवारी ती दुसऱ्या स्टुलावर बसून मामाच्या चुका काढी. जुना कागद पिवळा पडला की दादा बेट नव्या कागदावर उतरवी. तिसऱ्या कागदापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

मग दहावीचं वर्ष आलं. सराव परीक्षेत भूगोलाच्या पेपरात पोरीने लिहिलं, दुपारी वारा डोंगरावर चढून बसतो आणि संध्याकाळी उतरताना ढग मागे विसरतो. चाळीसात चौदा. उत्तरपत्रिका पाहून आईच्या पायाखालची जमीन सरकली. लेकीला न सांगता तिने तडक दादाचं घर गाठलं.

“दादा, पुरे झालं आता. निदान या वर्षापुरतं ते बेट बुडव.”

दादाने टाक पुसला. “बरं,” म्हणाला.

पुढच्या रविवारी भाची गेली तर टेबल रिकामं. मामा म्हणाला, “बेटावर वादळ आहे, तपासनीसबाई. होड्या बंद.” त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ती गेली नाही. मामाला आपला कंटाळा आला, अशी गाठ तिने मनाशी मारली, आणि मानी इतकी की विचारलं म्हणून नाही. आईने दोघांच्या मधे मूग गिळले. परीक्षा झाली की सांगू, म्हणाली. मग कॉलेज झाल्यावर, मग नोकरी लागल्यावर. नऊ वर्षं झाली. आता लेक दुसऱ्या शहरात बसगाड्यांची वेळापत्रकं आखते आणि मामाची चौकशी ‘बरे आहेत ना ते?’ एवढ्यावर आटोपते. ते ‘ते’ आईच्या काळजात रुततं.

गुरुवारी ती दादाकडे गेली, तर बेट टेबलावर! चौथा कागद, ताजी शाई. तिला इतका आनंद झाला की पर्स खांद्यावरून न काढताच ती वाकून पाहू लागली.

“ही कुठली खाडी, दादा?”

“जुळी खाडी. घोट्यापासून वर जाते. मागच्या कागदांवर राहूनच गेली होती बघ.” तो खुशीत होता. “आत दोन सावल्यांचे खेकडे असतात. एक सावली खरी, एक सोबतीला. आणि तिथून पाहिलं ना, तर दोन चंद्र दिसतात.”

ती हसली. हसता हसता तिसरा कागद उचलून तिने चौथ्यावर धरला. तिसऱ्यावर किनारा एकच होता. मग तिने भावाकडे पाहिलं. चहाचा कप ठेवताना आधी बोटाने तो बशीची कड चाचपत होता.

“दादा, तुला रस्त्यावरचा दिवा कसा दिसतो?”

“दिसतो की.”

“किती दिसतात?”

त्याने चहा तिच्या पुढ्यात सरकवला. तिने टेबलाला हात टेकला तेव्हा ते डुगडुगलं नाही. एरवी डुगडुगायचं. वाकून पाहिलं तर टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला कागद होता. ओढून काढला. चष्मेवाल्याची चिठ्ठी निघाली, पाच महिन्यांपूर्वीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. महिन्याभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी, उशीर केल्यास नजरेला धोका.

“पाच महिने? अरे, माणूस आहेस की कोण आहेस!”

“अण्णांचं काय झालं, विसरलीस?” दादा म्हणाला. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची पट्टी सोडली त्या दिवसापासून भिंत चाचपत वावरले. “मला दोन दोन दिसतंय, त्यांना एकही दिसलं नाही. आणि माझा डोळा साफ केलास तर ती खाडी जाईल. खेकड्यांनी कुठे जायचं?”

“ती खाडी नाही रे, तो तुझा मोतीबिंदू आहे!”

“दिसली ती काढली.”

तिने रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, रडूनही पाहिलं. हा पालथ्या घड्यासारखा ढिम्म. शेवटी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा चौकोन रिकामा आहे. कच्चं काम आहे हे. तपासनिसाने सांगितलं खाडी चूक, तर चूक. डोळेही दाखवीन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.”

“मग इतक्या वर्षांत तिला बोलावलं का नाहीस?”

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याला त्या क्षणी दोन बहिणी दिसत असाव्यात. “तू कुठे म्हणालीस,” तो म्हणाला, “होड्या सुरू कर म्हणून?”

आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. एका वर्षाचं बोलून ती विसरून गेली होती. तो मात्र शब्द धरून नऊ वर्षं किनाऱ्यावर बसून राहिला होता.

शुक्रवारी, शनिवारी तिने मनातल्या मनात शंभर वेळा लेकीला सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी लेक म्हणे, आई, नऊ वर्षं? आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. नुसतं ‘मामाचे डोळे दाखवायचेत, ये’ म्हटलं तर ती येईलही. जबाबदार पोर आहे. पण पाहुण्यासारखी येईल, ‘ते कुठे आहेत?’ विचारत. मामाला पाहुणी नको होती. त्याला लाल पेन्सिलवाली हवी होती, आणि ती यायची तर आधी आईला आपलं पाप पदरात घ्यावं लागणार होतं. लेक रागावेल. महिना महिना बोलणार नाही. बोलली नाही तरी चालेल. डोळे गेल्यावर बोलून काय उपयोग?

रविवारी दुपारी जेवणं आटोपली. पूर्वी याच वेळेला पोर सायकल काढून मामाकडे पळायची. तिने हात पुसले आणि फोन घेऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, म्हणजे नवऱ्याने मधेच ‘काय झालं’ विचारायला नको. काय बोलायचं ते अजूनही जमलं नव्हतं. फक्त पहिलं वाक्य ठरलं होतं, ‘वादळ मी आणलं होतं.’

तिने लेकीचा नंबर लावला.